स्वतःची अवजारं स्वतः लिहून प्रोग्रॅमिंग शिकावं का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

पायथॉन येतं असं म्हणण्याइतपत येतं. कोर्स झाले, व्हिडिओ झाले. समोरचा लिहितो ते थांबवून थांबवून लिहिलं की चालतंही. पण रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. नोकरीतलं काम फ्रेमवर्कच्या चौकटीतलं: फॉर्ममधून माहिती घ्या, तपासा, डेटाबेसमध्ये टाका. त्या चौकटीच्या खाली काय चालतं याचा पत्ता नाही.

टीममधल्या एका अनुभवी सहकाऱ्याने सुचवलं की रोज जी अवजारं वापरतेस त्यातलंच एखादं स्वतः लिहून बघ. शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम), एडिटर, गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं अवजार), छोटा डेटाबेस, काहीही. फक्त तयार लायब्ररी घ्यायची नाही. जगाला त्याचा उपयोग नसला तरी चालेल, म्हणाला.

इथे कुणी असं केलंय का? खरंच काही पदरात पडतं, की नुसती हौस? सुरुवात कशाने करावी? आणि अडलं तर मूळ अवजाराचा कोड उघडून बघावा की नाही?

मूक_वाचक

शून्यापासून म्हणजे नक्की किती शून्यापासून? वाळू वितळवून सिलिकॉन काढण्यापासून असेल तर मी पास. :)

जुना_टंकक

केलंय, आणि शेलपासूनच केलंय. शेलचा गाभा अगदी लहान असतो. फोर्कने स्वतःची एक प्रत काढायची, त्या प्रतीत एक्झेकने हवा तो प्रोग्रॅम चढवायचा आणि मूळ प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) तो संपेपर्यंत वाट बघायची. एवढं लिहिलं की 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) चालतं आणि आपण काहीतरी भारी केलं असं वाटायला लागतं.

मग आपण फोल्डर बदलायला 'सीडी' टाइप करतो. फोल्डर बदलत नाही. कारण फोल्डर बदलला तो प्रतीचा, आणि ती प्रत लगेच संपली. मूळ शेल होता तिथेच आहे. म्हणून सीडी हा वेगळा प्रोग्रॅम असून चालत नाही, ते काम शेलला स्वतःलाच करावं लागतं. हे मी आधी वाचलेलं होतं, वाचून पटलंही होतं. पण प्रत्येक प्रोसेसचं जग वेगळं असतं म्हणजे काय, ते सीडी चालेना तेव्हाच डोक्यात शिरलं.

पुढची मजा पाइपची, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या नळीची. दोन कमांड जोडल्या, पहिली संपली, तरी दुसरी आपली बसूनच. कारण पाइपचं लिहायचं टोक शेलने स्वतःकडेही उघडं ठेवलेलं असतं. जोवर कुणाकडे तरी ते टोक उघडं आहे तोवर वाचणाऱ्याला 'आता आणखी काही येणार नाही' हे कळत नाही. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ साली युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप बसवले, तेही एका रात्रीत असं सांगतात. आपल्याला तो एक पाइप नीट बंद करायला आठवडा गेला तर वाईट वाटून घेऊ नये.

आणखी एक. फाइलींच्या नावाऐवजी ताऱ्याचं चिन्ह देतो ना, ते प्रोग्रॅमला सहसा दिसतच नाही. शेल त्या जागी आधीच नावांची यादी भरून देतो. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही हे ठाऊक नसतं.

जॉब कंट्रोलला (चालू कमांड थांबवणं, मागे ढकलणं) मात्र पहिल्या फेरीत हात लावू नका. ते वेगळंच प्रकरण आहे.

फुरसतराव

मी स्वतःचं कामांच्या यादीचं अॅप लिहायला घेतलं होतं. यादीतलं पहिलं काम 'यादीचं अॅप पूर्ण करणे'. अॅप अचूक चालतं, ते काम अजूनही बाकी दाखवतंय.

उंटावरचा

सगळे टाळ्या वाजवणार हे दिसतंय, म्हणून जरा काडी टाकतो. हलके घ्या.

मी इंटरव्ह्यू घेतो. हल्ली बऱ्याच बायोडेटांवर 'स्वतःचा शेल', 'स्वतःचा डेटाबेस' असतं. कोड उघडला की सगळ्यांचा सारखाच, व्हेरिएबलची नावंसुद्धा तीच, कारण सगळ्यांनी एकच ट्यूटोरियल बघितलेलं. नाव शून्यापासूनचं आणि काम उतरवून घ्यायचं. पाटीपेन्सिलचा मूळ त्रासच 'बघून जमतं, रिकाम्या फाइलीत जमत नाही' हा आहे. मग 'शेल कसा लिहावा' हे बघून लिहिलं तर काय बदललं?

दुसरं म्हणजे नोकरीत कुणी शेल लिहायला सांगत नाही. तिथे दुसऱ्याने लिहिलेला, टिपणं नसलेला, जुना कोड वाचून त्यात चार ओळी बदलायच्या असतात, बाकीचं काही न मोडता. ते कौशल्य पाचशे नव्या कोऱ्या ओळी लिहून येत नाही.

कंसातला

उंटावरचा यांच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत, आणि म्हणूनच निवड महत्त्वाची आहे असं म्हणेन. माझा निकष सरळ आहे: ज्याचं उत्तर खऱ्या अवजाराकडून तपासून घेता येईल तेच लिहायला घ्या. मग ट्यूटोरियलची गरज उरत नाही, कारण चूक की बरोबर हे सांगणारा परीक्षक तुमच्याच यंत्रावर बसलेला असतो.

गिटचं उदाहरण घ्या. फाइल साठवताना गिट काय करतं? पुढे 'ब्लॉब' हा शब्द, एक स्पेस, मजकुराची बाइटमधली लांबी आणि एक शून्य बाइट लावतं, मग मजकूर. या सगळ्याचा शा-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढायचा. तो सोळामान पद्धतीत लिहून काढला की ४० अंकी होतो. पहिल्या दोन अंकांचं फोल्डर, उरलेल्या ३८ अंकांचं फाइलचं नाव, आत झेडलिबने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) मजकूर. संपलं. हे तुम्ही पायथॉनमध्ये लिहा आणि मग *खऱ्या* गिटला ती वस्तू वाचायला सांगा. त्याने वाचली तर बरोबर. एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी हॅश जुळत नाही. लाडीगोडी नाही.

ब्लॉबनंतर ट्री, म्हणजे फोल्डरची यादी. इथे घोडं पेंड खातं. ट्रीमध्ये हॅश ४० अंकांत लिहीत नाहीत, कच्चे २० बाइट जातात. आणि नावांचा क्रम लावताना फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ आहे असं धरून लावतात. हे कळेपर्यंत डोकं आपटावं लागतं, पण तेव्हा तुम्ही हेक्स डंप (फाइलीचे बाइट अंकांत छापलेले) वाचायला शिकलेले असता. रिकाम्या फाइलीची भीती इथेच जाते, कारण 'पुढे काय लिहू' याऐवजी 'हा बाइट वेगळा का' एवढाच प्रश्न समोर असतो.

रच्याकने, लिनस टोरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं ते एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच अवजाराचा फुकट परवाना बंद झाला म्हणून. काही दिवसांतच गिट स्वतःचाच कोड स्वतःमध्ये ठेवायला लागलं. गाभा इतका छोटा आहे म्हणूनच ते शक्य झालं. पॅकफाइलच्या (अनेक वस्तू एकत्र दाबून ठेवणाऱ्या फाइलींच्या) वाटेला मात्र जाऊ नका, निदान लगेच तरी.

मूक_वाचक

'लाडीगोडी नाही' हे वाक्य गिटच्या एरर मेसेजमध्ये टाकायला हवं.

अर्धविराम

मी प्रोग्रॅमर नाही, अनुवादक आहे. पण धागा वाचून वाटलं की इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. एक, जगात आधीच असलेलं अवजार पुन्हा लिहिणं. दुसरं, जे कुठेच नाही आणि फक्त मला हवंय ते लिहिणं. माझं दुसऱ्या प्रकारचं आहे. मोठ्या दस्तऐवजात एकच संज्ञा सगळीकडे एकाच प्रतिशब्दाने आली आहे का ते तपासायचं छोटं अवजार.

सुरुवातीला वाटलं, सीएसव्ही फाइल आहे, स्वल्पविरामाने तोडली की झालं. मग मजकुरातच स्वल्पविराम निघाले. ते अवतरणचिन्हांत होते, म्हणून अवतरणचिन्हं बघायला लागले, तर आत आणखी अवतरणचिन्हं, आणि काही रकान्यांत तर ओळच मोडलेली. शेवटी एकेक अक्षर वाचत 'आपण आत्ता अवतरणाच्या आत आहोत की बाहेर' एवढं लक्षात ठेवणारा लूप लिहिला. त्याला स्टेट मशीन म्हणतात हे खूप नंतर कळलं.

पण खरी गंमत पुढे. अवजार मला 'दुसऱ्या' आणि 'दुसऱ्या' हे दोन वेगळे शब्द म्हणून दाखवायचं. पडद्यावर हुबेहूब सारखे. बाइट छापून बघितले तेव्हा दिसलं की एका ठिकाणी ऱ हे एकच युनिकोड चिन्ह आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. मजकूर दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून आलेला. तुलनेआधी दोन्ही एकाच रूपात आणावे लागतात, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. हे मला कुठल्या कोर्समध्ये भेटलं असतं?

म्हणून पाटीपेन्सिल, माझं मत असं: तुम्हाला रोज टोचणारं काहीतरी शोधा. टोचणं थांबेपर्यंत तुम्ही सोडणार नाही.

जुना_टंकक

अर्धविराम, दंडवत. बाइट छापून बघणारा अनुवादक हा प्रोग्रॅमरच असतो, मान्य करून टाका.

तळटीप

मी शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं दिसतं. 'मुळापासून लिहा' हा सल्ला लूप आणि फंक्शन अजून कच्चं असलेल्यांना दिला तर ते तीन दिवसांत पळतात. पाटीपेन्सिल त्या पायरीच्या पुढे आहेत असं वर्णनावरून वाटतं, त्यामुळे त्यांना चालेल.

पण शेल आणि गिट या दोन्ही सूचना मला पहिल्या कामासाठी मोठ्या वाटतात. कंसातला यांचा निकष मात्र आवडला, तोच धरून मी 'टार' सुचवेन, अनेक फाइली एकत्र बांधणारं अवजार. या फॉरमॅटमध्ये काहीही दाबलेलं नसतं, फाइली एकामागे एक ठेवलेल्या असतात. प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटचं हेडर: पहिले १०० बाइट नावाचे, पुढे परवानग्या, आकार वगैरे. मजकूर ५१२ च्या पटीत येईल इतकी शून्यं भरायची. शेवटी शून्यांचे दोन ठोकळे.

गमती दोन आहेत. आकार लिहायचा तो अष्टमान पद्धतीत, आणि तोही अंक म्हणून नाही, अक्षरांत. आणि हेडरची चेकसम (चूक पकडायला केलेली बाइटांची बेरीज) काढायची तर ती ज्या जागेत लिहायची ती जागाही हेडरचाच भाग! मग काय करायचं? त्या आठ बाइटांत स्पेस आहेत असं धरून बेरीज करायची आणि नंतर तिथे लिहायची. हा एवढासा पेच विद्यार्थ्यांना तासभर गुंतवून ठेवतो. खऱ्या टारने फाइल उलगडली की वर्गात आरडाओरडा होतो, इतकंच सांगते.

उंटावरचा

तळटीप यांचं पटलं. पण 'परीक्षक यंत्रावरच बसलेला आहे' हा युक्तिवाद कुठे लागू होत नाही तेही सांगायला हवं. तुम्ही डेटाबेस लिहिला, माहिती टाकली, परत वाचली, जुळली. झालं का? ज्या क्षणी लिहिणं चालू आहे त्याच क्षणी वीज गेली तर काय उरतं? ऑपरेटिंग सिस्टिम 'लिहिलं' म्हणते तेव्हा मजकूर बहुतेक वेळा मेमरीतच असतो. डिस्कवर पोचवायचा तर एफसिंकने वेगळं सांगावं लागतं. टेस्ट हिरव्या आणि माहिती गायब, असं होऊ शकतं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या चाचणीचा कोड मूळ कोडाच्या कित्येक शेकडो पट आहे, तो उगाच नाही.

एन्क्रिप्शनचं तर विचारूच नका. तिथे उत्तर बरोबर येऊनही अवजार चुकीचं असू शकतं. पासवर्डचा हॅश जुळतो का हे एकेक बाइट ताडून बघितलं आणि पहिला फरक दिसताच थांबलं, तर किती वेळ लागला यावरून बाहेरच्याला अंदाज बांधता येतो. शिकायला लिहा हवं तर. वापरात आणू नका.

बिनतारी

नेटवर्कचंही तसंच. स्वतःचा वेब सर्व्हर लिहिला की आपल्या यंत्रावर पहिल्या झटक्यात चालतो, कारण छोटी विनंती एकाच वाचनात अख्खी येते. टीसीपीला (नेटवर्कवर माहिती पोचवणाऱ्या नियमावलीला) 'संदेश' ही कल्पनाच माहीत नाही, बाइटांचा प्रवाह तेवढा माहीत. एक विनंती तीन तुकड्यांत येईल किंवा दोन विनंत्या चिकटून येतील. म्हणून रिकामी ओळ येईपर्यंत जमवत राहायचं, मग हेडरमध्ये दिलेली लांबी बघून तेवढेच बाइट आणखी वाचायचे. हे तपासायचं असेल तर मुद्दाम एकेक बाइट, मध्ये थांबत थांबत पाठवणारा क्लायंट लिहा. दहा ओळींचा होतो, आणि सर्व्हरपेक्षा जास्त शिकवून जातो.

रेघोट्या

सगळं सी मध्ये करा. पायथॉनमध्ये शून्यापासून म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून डोंगर चढल्याचा फोटो.

कंसातला

झालं सुरू. गिटचा ट्री सी मध्ये लिहिताना अर्धा वेळ स्ट्रिंगची मेमरी कुणी मोकळी करायची यात जातो. ज्याला मेमरी शिकायची आहे त्याने सी घ्यावी, स्वतःचा मॅलॉक (मेमरी वाटून देणारं फंक्शन) लिहावा, मोकळे तुकडे जोडायला शिकावं. ज्याला फॉरमॅट शिकायचा आहे त्याने येते ती भाषा घ्यावी.

रेघोट्या

म्हणजे सीच.

तळटीप

भाषायुद्धासाठी वेगळे धागे आहेत, आणि ते सगळे अजून चालू आहेत. इथे नको.

नवशिक्या_२

प्रश्न मूर्खपणाचा वाटेल. पण आता एआयला सांगितलं की दोन मिनिटांत शेल लिहून मिळतो, चालतोही. मग एवढी मेहनत कशाला?

जुना_टंकक

शेल तर तुमच्याकडे आधीपासूनच होता की.

अर्धविराम

:D धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

नवशिक्या_२

कळलं. :) पण मग अजिबात वापरायचाच नाही का?

तळटीप

माझ्या विद्यार्थ्यांना मी वापरू देते, पण एका बाजूनेच: त्याने टेस्ट लिहायच्या, कोड तुम्ही. 'माझा टार मोडेल अशा विचित्र फाइली सुचव' म्हणा. शंभर बाइटपेक्षा लांब नावं, रिकामी फाइल, बरोबर ५१२ बाइटची फाइल, असं काय काय समोर येतं. किंवा फॉरमॅटच्या मूळ कागदातला एखादा परिच्छेद समजत नसेल तर विचारा, मग उत्तर खऱ्या अवजारावर ताडून बघा. उलट केलं, म्हणजे कोड त्याने आणि टेस्ट तुम्ही, तर शिकतो तो.

उंटावरचा

तो तरी शिकतो का हा वेगळा धागा.

आणि इंटरव्ह्यूबद्दल पुरवणी: बायोडेटावर शेल असला की मी एकच विचारतो, 'सीडी वेगळी का?' जुना_टंकक यांनी वर दिलेलं उत्तर ज्याला स्वतःच्या शब्दांत देता येतं त्याच्याशी पुढे तासभर बोलावंसं वाटतं. बाकीचे 'तसंच असतं' म्हणतात. (आता हा प्रश्न फुटला. नवीन शोधावा लागणार.)

फुरसतराव

अवांतर: अवजार लिहायला बसावं आणि वर्षं निघून जावीत याचा उच्चांक संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या नावावर आहे. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायला घेतली, नव्या पद्धतीची अक्षरजुळणी बघून वैतागले, आणि १९७७ मध्ये ठरवलं की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहू. पुढच्या वर्षीच्या अभ्यासरजेत उरकेल असा अंदाज होता. तो प्रोग्रॅम, टेक, पूर्ण होऊन गोठवायला पुढचं दशक गेलं. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक आता पायच्या किमतीकडे सरकतोय: ३.१४, मग ३.१४१, मग ३.१४१५... तेव्हा माझ्या यादीच्या अॅपला कुणी हसू नये.

बिनतारी

फरक एवढाच की त्यांचं वापरलं जातं.

फुरसतराव

लागलं. पण मान्य.

जुना_टंकक

पाटीपेन्सिल यांचा एक प्रश्न तसाच राहिला: मूळ कोड बघावा का? माझं उत्तर: आपलं चालायला लागल्यावर जरूर. आधी बघितला तर काहीच कळत नाही, कारण त्यांनी सोडवलेल्या अडचणी आपल्याला अजून आलेल्याच नसतात.

उदाहरण 'येस' या कमांडचं. काम काय, तर एकच अक्षर आणि नवी ओळ, कायम छापत राहायचं. पोरखेळ. तुम्ही लिहिता, चालतं. मग दोघांचा वेग मोजता, तर ग्नू प्रकल्पाचा येस तुमच्यापेक्षा कितीतरी पुढे पळतो. त्यांचा कोड उघडला की दिसतं: ते दर ओळीला कर्नलचं दार ठोठावत नाहीत. मोठा बफर आधीच त्या ओळींनी भरून ठेवतात आणि एकाच सिस्टिम कॉलमध्ये (कर्नलला केलेल्या विनंतीत) अख्खा ढकलतात. सिस्टिम कॉल महाग असतो म्हणजे काय, ते या एवढ्याशा कमांडमधून जितकं पोचतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

ग्रेपचंही (मजकुरात पॅटर्न शोधणारी कमांड) तसंच. रॉब पाइक यांनी लिहिलेला एक छोटा रेगेक्स (शोधायचा पॅटर्न) जुळवणारा प्रोग्रॅम तीसेक ओळींत बसतो. आपणही एका बैठकीत तसा लिहू शकतो. पण तारा चिन्हावर 'हे करून बघ, नाही जमलं तर मागे ये' असं करणारी पद्धत काही पॅटर्नवर अशी अडकते की मजकुराचं एकेक अक्षर वाढलं की वेळ दुप्पट. थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच दुसरा रस्ता दाखवला होता: सगळ्या शक्यता एकदम बरोबर घेऊन पुढे चालायचं, मागे यायचंच नाही. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची सेवा जगभर कोलमडली होती तीही अशाच एका मागे-मागे येणाऱ्या रेगेक्समुळे, आणि त्याचं सविस्तर विवेचन त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलं. आधी आपला रेगेक्स लिहिलेला असेल तर ते विवेचन एखाद्या रहस्यकथेसारखं वाचता येतं.

उंटावरचा

हे मात्र माझ्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर झालं. लिहून झाल्यावर दुसऱ्याचा कोड वाचणे. एवढं जोडलंत तर मी विरोध मागे घेतो. अर्धा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

टारच्याही आधी आणखी लहान काहीतरी घ्यावं म्हणून 'डब्ल्यूसी' घेतलं, ओळी, शब्द आणि अक्षरं मोजायचं. म्हटलं यात काय असणार. फाइलीत फक्त 'मराठी' हा एक शब्द टाकला. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. माझं अवजार बाइट मोजतं तेव्हा १६ म्हणतं आणि चिन्हं मोजतं तेव्हा ६. खऱ्या डब्ल्यूसीचेही हेच आकडे येतात, म्हणजे निकषाप्रमाणे मी पास. पण ३ कुठे गेले? आणि १६ ला तर ३ ने भागही जात नाही!

अर्धविराम

शेवटची नवी ओळ विसरलात. ती एक बाइट, एक चिन्ह. ती काढा: १५ बाइट, ५ चिन्हं. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं.

पाटीपेन्सिल

अरे हो! मग तीन मोजायचे कसे?

कंसातला

त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि नियम युनिकोडने लिहून ठेवलेत. काना-मात्रा आधीच्या व्यंजनाला चिकटवायचे, एवढ्यावर 'मराठी' सुटतं. 'क्षि' घेतलंत की पुढची पायरी: क, हलन्त, ष, वेलांटी अशी ४ चिन्हं, १२ बाइट. हलन्तानंतर तोडायचं की नाही? जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत आला तो २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. त्यामुळे वेगवेगळ्या लायब्ररी आजही वेगवेगळं उत्तर देतात. इथे तुमचा परीक्षकच गोंधळलेला असू शकतो, सांभाळून.

जुना_टंकक

आणि आता कळेल की पुढे एडिटर लिहायला का घेऊ नये. :) टर्मिनल रॉ मोडमध्ये (प्रत्येक कळ थेट प्रोग्रॅमला मिळते तो) टाकलं की वरचा बाण म्हणजे एस्केपने सुरू होणारे तीन बाइट येतात. नुसती एस्केप दाबली आहे की बाणाचा पहिला बाइट आलाय, हे थोडा वेळ थांबूनच ठरवावं लागतं. त्यात कर्सर 'क्षि'च्या पोटात नेऊन ठेवायचा का, हा प्रश्न.

अर्धविराम

कर्सर पोटात नको. पण बॅकस्पेसने मात्र फक्त वेलांटी जावी, अख्खं अक्षर नको. टाइप करताना वेलांटीच चुकते ना.

रेघोट्या

अजिबात नाही. जे एक दिसतं ते एकदम जावं.

अर्धविराम

तुम्ही 'क्षि'च्या जागी 'क्षी' करायला तीन कळा पुन्हा दाबणार का?

रेघोट्या

मी सी मध्ये लिहिलेला एडिटर वापरणार. त्यात देवनागरी दिसतच नाही.

पाटीपेन्सिल

मी दोन्ही करून बघते. डिलीटने पुढचं अख्खं अक्षर, बॅकस्पेसने मागचं एक चिन्ह. आधी शब्दांची मोजणी पूर्ण करू द्या, दोन स्पेस लागोपाठ आल्या की अजून एक रिकामा शब्द जास्त धरतंय.